ग्राहकाला कारखान्यापासून दूर ठेवून ऑर्डर टिकत नाही

भोसरीतील एका सीएनसी (संगणक-नियंत्रित यंत्रांवर धातूचे भाग बनवणाऱ्या) वर्कशॉपमध्ये नुकताच मार्केटिंगला लागलेल्या माझ्या पुतण्याला त्याच्या मालकांनी व्हॉट्सॲपवर ‘विक्रीचे चार नियम’ पाठवले. हाच मजकूर मला यापूर्वी तिघांकडून आला होता आणि मी तो सोडून दिला होता. परंतु पुतण्याने तो वहीत उतरवून घेतलेला पाहिल्यावर गप्प बसवेना. नियम असे: ८० टक्के विक्री पाचव्या ते बाराव्या पाठपुराव्यात होते, ग्राहकाला कारखान्यातील माणसांशी बोलू देऊ नये, प्रत्येक चौकशीला २४ तासांत कोटेशन द्यावे, आणि ग्राहकाकडील खरेदी पाहणारा परचेस मॅनेजर खूश असला की ऑर्डर आपलीच.

पहिला आकडा ‘नॅशनल सेल्स एक्झिक्युटिव्ह असोसिएशन’च्या नावावर फिरतो, पण पाहणी कोणत्या साली आणि कोणत्या धंद्यात झाली हे त्यात कुठेही नाही. त्याच मजकुरानुसार ४८ टक्के विक्रेते पाठपुरावाच करत नाहीत, २५ टक्के दुसऱ्या आणि १२ टक्के तिसऱ्या संपर्कानंतर थांबतात, तर १० टक्के त्यापुढे जातात. ही बेरीज ९५ होते. उरलेल्या पाच टक्क्यांचा हिशेब कोणी विचारलेलाही नाही. कोटेशन पाठवून विसरून जाणारे पुष्कळ असतात आणि पाठपुरावा हवाच, एवढे मी मान्य करतो. मात्र सांगण्यासारखे नवीन काही नसताना केलेला बारावा फोन ग्राहकाचा वेळ घेतो, इतकेच.

खरे नुकसान दुसरा नियम करतो. मागे आमच्याकडे एका बुशची, म्हणजे नळीसारख्या भागाची, चौकशी आली. आतील बोअर (भोक) २५ मिलिमीटर, टॉलरन्स एच-सेव्हन, म्हणजे आकारात फक्त २१ मायक्रॉनची (हजारांश मिलिमीटरची) मुभा, आणि संपूर्ण भागाला केस हार्डनिंग, म्हणजे वरचा थर कठीण करणारी उष्णता-प्रक्रिया. विक्रीच्या माणसाने रीमिंगचा (कटरने भोक अचूक मापात आणण्याचा) खर्च धरून दर दिला. हार्डनिंगमध्ये बोअर आकार सोडतो आणि नंतर ग्राइंडिंग करून, म्हणजे घासून, तो मापात आणावा लागतो, हे शॉपमधील कोणालाही विचारले असते तरी कळले असते. ऑर्डर आली, पहिलीच बॅच नाकारली गेली, आणि त्यानंतर आमचे प्रॉडक्शनचे प्रमुख ग्राहकाच्या डिझाइन इंजिनिअरसमोर प्रथमच बसले. झीज फक्त बाहेरच्या पृष्ठभागावर होते, त्यामुळे तेवढ्याच भागाला इंडक्शन हार्डनिंग (विजेच्या साहाय्याने हवा तेवढाच भाग तापवून कठीण करणे) पुरेल, हे त्या बैठकीत अर्ध्या तासात ठरले आणि ड्रॉइंग बदलले. तीच बैठक कोटेशनपूर्वी झाली असती, तर दोन्ही बाजूंचे तीन महिने वाचले असते.

हे केवळ माझे मत नाही. वाहन उद्योगाच्या पुरवठादारांना लागू असलेल्या आयएटीएफ १६९४९:२०१६ या मानकाचे ८.२.३.१.३ हे कलम सांगते की, ग्राहकाच्या तांत्रिक आणि क्षमतेच्या अपेक्षा आपल्या प्रक्रिया सातत्याने पूर्ण करू शकतील का, याची तपासणी वेगवेगळ्या विभागांच्या माणसांनी मिळून करावी. ज्या औद्योगिक पट्ट्यात प्रत्येक दुसऱ्या कारखान्याच्या दारावर या प्रमाणपत्राची पाटी असते, तिथे मालकानेच नवख्या मुलाला याच्या नेमके उलट शिकवावे, याचा मला राग येतो. दर आणि मुदत एकाच तोंडून सांगावी, पाच जणांनी पाच उत्तरे देऊ नयेत, हे रास्तच आहे. पण त्यासाठी विक्रीच्या माणसाने बैठकीत हजर राहावे, बैठकच टाळू नये.

२४ तासांच्या नियमाबद्दल एवढेच, की चौकशी मिळाल्याची पोच आणि ड्रॉइंगवरील शंका त्या वेळात जरूर पाठवाव्यात. दर मात्र फीजिबिलिटी, म्हणजे काम आपल्याला जमेल का हे, तपासल्यावरच द्यावा, आणि जे काम जमणार नाही ते स्पष्ट नाकारावे.

राहिला परचेस मॅनेजर. तो पीओ (खरेदीचा आदेश) काढतो, पण सॅम्पल आणि पीपीएपीची (भागाला मंजुरी देण्याच्या प्रक्रियेची) कागदपत्रे ग्राहकाच्या क्वालिटी विभागाने मंजूर केल्याशिवाय नियमित पुरवठा सुरू होत नाही. पुतण्याला मी त्याच्या चौकशांच्या यादीत दोन रकाने वाढवायला सांगितले: ड्रॉइंग शॉपमध्ये कोणी पाहिले, आणि ग्राहकाकडे सॅम्पल कोण मंजूर करणार. त्या संध्याकाळी त्याने यादी पाठवली, तेव्हा दुसऱ्या रकान्यात एकही नाव नव्हते.