दात घासताना एका पायावर उभं राहून मुरगळणारा घोटा बरा होत नाही

घोटा वारंवार मुरगळणाऱ्यांसाठी एक मजकूर कुटुंबाच्या, ट्रेकिंगच्या आणि खेळाडूंच्या ग्रुपवर फिरतो. शब्द बदलतात, आशय साधारण असा: "पाय सारखा मुरगळतो कारण लिगामेंट सैल झालंय. सैल लिगामेंट व्यायामाने घट्ट होत नाही, उगाच फिजिओकडे पैसे घालवू नका. रोज दात घासताना दोन मिनिटं एका पायावर उभं राहा. उशीवर उभं राहिलात तर दुप्पट फायदा, डोळे मिटलेत तर आणखी. पट्टा वापरू नका, स्नायू आळशी होतात. एवढ्याने नाही थांबलं तर ऑपरेशन हाच इलाज."

यातलं एक विधान पूर्ण खरं आहे आणि दोन-तीन अर्धी खरी आहेत, म्हणून मजकूर पटतो. मग माणसं महिनाभर बेसिनसमोर एका पायावर उभी राहतात, पुढच्या वेळी किल्ला उतरताना पाय पुन्हा वळतो आणि "व्यायाम करून पाहिला, उपयोग नाही" असं ठरवून मोकळी होतात. खरं तर ज्याला पुनर्वसनाचा व्यायाम म्हणता येईल तो त्यांनी केलेलाच नसतो.

"पाय सारखा मुरगळतो कारण लिगामेंट सैल झालंय."

काही जणांच्या बाबतीत हे खरं असतं. पाऊल आत वळलं की घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं पुढचं लिगामेंट (हाडाला हाड जोडणारा चिवट बंध) आधी ताणलं जातं किंवा फाटतं, आणि ते लांबट अवस्थेत भरून आलं तर सांध्यात ढिलेपणा राहतो. पण तपासल्यावर सांधा ढिला लागतो, तरी पाय कधीच दगा देत नाही, अशी माणसं आहेत. उलट सांधा व्यवस्थित घट्ट, पण सपाट रस्त्यावरही पाय वळतो, अशीही आहेत. ब्रिटिश शल्यविशारद फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1965 सालीच हा फरक मांडला होता. लिगामेंटबरोबर त्यातली संवेदना पोहोचवणारी चेतातंतूंची टोकंही दुखावतात, त्यामुळे पाऊल सावरण्याचं नियंत्रण बिघडतं, असं त्यांचं म्हणणं होतं. आज चित्र त्याहून मोठं दिसतं: घोटा पुढे वाकण्याची कमी झालेली हालचाल, पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे कमजोर पेरोनियल स्नायू, नितंबाच्या बाजूच्या स्नायूंची कमी ताकद, आणि पाऊल टेकण्याआधीची मेंदूची तयारी.

या शेवटच्या गोष्टीवर थोडं थांबायला हवं. जमीन अचानक कलली तर पेरोनियल स्नायूंत विद्युत हालचाल सुरू व्हायलाच साधारण 50 ते 70 मिलिसेकंद लागतात. त्यातून पाऊल सावरण्याइतका जोर तयार व्हायला आणखी वेळ जातो, आणि तोवर घोटा बराचसा वळून झालेला असतो. त्यामुळे पाऊल टेकल्यानंतरच्या प्रतिक्रियेवर विसंबता येत नाही. टेकण्याआधी पाऊल कोणत्या कोनात आहे आणि स्नायू किती आधी जागे झालेत, यावर बरंच काही ठरतं. वारंवार मुरगळणाऱ्यांचं पाऊल साधं चालतानाही टाच टेकण्याच्या सुमारास थोडं आत वळलेलं आढळतं. सरावाने बदलायची ती ही सवय.

आपला घोटा अशा दीर्घकाळ अस्थिर घोट्यांच्या गटात मोडतो का? संशोधनासाठी घोट्याच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय अँकल कन्सॉर्शियम या गटाने 2013 साली निकष मांडले. पहिली मोठी दुखापत किमान 12 महिन्यांपूर्वीची हवी, शेवटची 3 महिन्यांहून जुनी हवी आणि गेल्या 6 महिन्यांत पाय निदान दोनदा दगा दिलेला हवा. सोबत कम्बरलँड प्रश्नावली असते: 9 प्रश्न, 30 गुण, आणि 24 किंवा कमी गुण म्हणजे अस्थिरता. मागच्याच आठवड्यात मुरगळलेल्या पायाची गोष्ट वेगळी. तो टेकून चार पावलंही चालता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडांच्या मागच्या कडेवर दाबून दुखत असेल, तर आधी एक्स-रे काढावा.

"सैल लिगामेंट व्यायामाने घट्ट होत नाही."

हे पूर्ण खरं आहे. तोल सांभाळण्याच्या व्यायामाने लिगामेंटची लांबी कमी होत नाही, आणि तसा दावा करणाऱ्या फिजिओवरही विश्वास ठेवू नये. पण त्यावरून व्यायाम निरुपयोगी ठरत नाही. नेदरलँड्समध्ये घोटा नुकताच मुरगळलेल्या 522 खेळाडूंवर झालेला अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. निम्म्या खेळाडूंनी नेहमीच्या उपचारांखेरीज घरच्या घरी 8 आठवडे, आठवड्यातून 3 वेळा, जास्तीत जास्त अर्धा तास तोलाचा सराव केला. वर्षभरात सराव न केलेल्यांपैकी 33 टक्क्यांचा घोटा पुन्हा मुरगळला, सराव केलेल्यांपैकी 22 टक्क्यांचा. म्हणजे लिगामेंट घट्ट न करताही सराव उपयोगी पडतो.

"रोज दात घासताना दोन मिनिटं एका पायावर उभं राहा."

सर्वांत जास्त नुकसान या वाक्याने होतं, कारण ते सोपं आहे आणि सुरुवात म्हणून चुकीचंही नाही. पण घोटा स्थिर उभं असताना मुरगळत नाही. तो उडी मारून खाली येताना, दिशा बदलताना, दुसऱ्याच्या पावलावर पाय पडल्यावर, सुट्या दगडावर उतरताना मुरगळतो. शिवाय सपाट फरशीवर अर्धा मिनिट उभं राहणं बहुतेकांना आठवड्याभरात जमतं. त्यानंतर मेंदूला शिकण्यासारखं काही उरत नाही. दीर्घकालीन अस्थिरता असलेल्या 31 तरुणांवरचा 2008 सालचा एक अभ्यास इथे महत्त्वाचा आहे. त्यांतल्या साधारण निम्म्यांना 4 आठवड्यांत 20-20 मिनिटांची 12 सत्रं दिली गेली आणि त्यात उडी मारून स्थिर होण्यावर भर होता. घोट्याबद्दलचा त्यांचा भरवसा वाढला, मागच्या तिरक्या दिशांना पाय पोहोचण्याचं अंतर वाढलं. स्थिर उभं असताना शरीर किती डुलतं याची नेहमीची मापं मात्र बहुतेक तशीच राहिली. म्हणजे बेसिनसमोर आपण किती स्थिर दिसतो, यावरून घोटा सुधारला की नाही ते कळत नाही.

मग करायचं काय? अनवाणी, कमरेवर हात, हाताच्या अंतरावर भिंत. पहिली पायरी उभं राहण्याचीच: 30 सेकंद, 3 वेळा, पण चुका मोजत. पाऊल सरकलं, दुसरा पाय टेकला, धड एका बाजूला कललं किंवा उचललेला पाय उभ्या पायाला टेकवून आधार घेतला, की एक चूक. शेवटची चूक सगळे करतात आणि कुणी मोजत नाही. तिन्ही वेळा एकही चूक झाली नाही की पुढे जायचं.

दुसरी पायरी पोहोचण्याची. फरशीवर टेपने तीन रेषा आखायच्या: एक सरळ पुढे, दोन मागे तिरक्या, डावी आणि उजवी. मध्यभागी एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाचा अंगठा रेषेवर जमेल तितका लांब न्यायचा, हलका टेकवायचा आणि परत आणायचा. उभ्या पायाची टाच उचलता कामा नये. प्रत्येक दिशेला चार वेळा सराव करून मग तीनदा मोजायचं. पुढच्या दिशेला दोन पायांत 4 सेंटीमीटरहून जास्त फरक असेल, तर खेळ पूर्ण जोराने सुरू करायची वेळ अजून आलेली नाही.

इथे खूप जण अडकतात आणि अडकण्याचं कारण तोलात नसतं. टाच लवकर उचलली जाते कारण घोटा पुढे वाकतच नाही. भिंतीसमोर उभं राहून टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा आणि अंगठा भिंतीपासून किती दूर नेता येतो ते मोजा. 9-10 सेंटीमीटरपेक्षा कमी, किंवा दुसऱ्या पायापेक्षा 2 सेंटीमीटर कमी भरलं, तर आधी पोटरी ताणण्याचे व्यायाम (30 सेकंद, 3 वेळा, गुडघा सरळ आणि वाकवून दोन्ही) आणि फिजिओकडून सांधा मोकळा करून घेणं, हे काम करायचं. ते टाळून वॉबल बोर्डवर (खालून गोल, डुगडुगणाऱ्या फळीवर) कितीही उभं राहिलं तरी अंतर वाढत नाही.

तिसरी पायरी खरी: उडी. एका पायावर पुढे 45 सेंटीमीटर उडी, त्याच पायावर खाली येऊन 3 सेकंद स्थिर, मग मागे उडी मारून जागेवर. सलग 10 वेळा बिनचूक जमलं की 70 सेंटीमीटर, मग 90. त्यानंतर बाजूला, मग तिरकं. शेवटी फरशीवर आकडे लिहून, दुसऱ्याने ऐन वेळी आकडा पुकारल्यावर त्यावर उडी मारायची. खो-खो, कबड्डी, बॅडमिंटन खेळणाऱ्यांनी हा भाग सोडलाच तर बाकीचं बरंचसं वाया जातं. उतरताना गुडघा आत पडत असेल, तर नितंबाच्या बाजूच्या स्नायूंसाठी रबर बँडचे व्यायाम जोडावेत. आठवड्यातून तीन दिवस, 20 मिनिटं, 4 ते 8 आठवडे. दुखणं दहापैकी 3 पर्यंत चालतं. दुसऱ्या सकाळी घोटा सुजलेला दिसला, तर एक पायरी मागे.

"उशीवर दुप्पट फायदा, डोळे मिटलेत तर आणखी."

उशीत पाऊल बुडतं आणि ते आत वळतंय की बाहेर, हे कळेनासं होतं. मग पोटरीचे सगळे स्नायू एकदम आवळून माणूस ताठ उभा राहतो आणि ताठ राहायलाच शिकतो. गुळगुळीत फरशीवर उशी सरकते, हा धोका निराळाच. फरशीनंतर घट्ट घडी केलेलं ब्लँकेट, मग दाट फोम पॅड, मग वॉबल बोर्ड, सगळं रबरी मॅटवर, हा क्रम बरा. उड्या मात्र कठीण, सपाट जमिनीवरच.

डोळ्यांच्या बाबतीत मजकुरात तथ्य आहे. अस्थिर घोट्याची माणसं एका पायावर उभं राहताना नजरेवर जास्त विसंबतात, त्यामुळे डोळे मिटून सराव उपयोगी ठरतो. पण तो फरशीवर, उघड्या डोळ्यांचा टप्पा पार केल्यावर, आणि मऊ पृष्ठभागाबरोबर एकदम नाही. खेळाडूंना भिंतीवर चेंडू मारून झेलणं त्याहून उपयोगी, कारण मैदानात डोळे उघडेच असतात, फक्त पायाकडे नसतात. मधुमेहाने तळव्यांची संवेदना कमी झालेल्यांनी आणि वयस्करांनी डोळे मिटून हा व्यायाम एकट्याने करू नये.

"पट्टा वापरू नका, स्नायू आळशी होतात."

निरोगी माणसांना 8 आठवडे घोट्याला आधार देणारा पट्टा वापरायला देऊन झालेल्या चाचणीत पेरोनियल स्नायूची प्रतिक्रिया मंदावली नव्हती. आणि 2014 सालच्या डच अभ्यासात वर्षभर खेळताना पट्टा वापरणाऱ्यांपैकी 15 टक्क्यांचा घोटा पुन्हा मुरगळला, फक्त तोलाचा सराव केलेल्यांपैकी 27 टक्क्यांचा. सराव व्हायला आठवडे लागतात, पट्टा पहिल्या दिवसापासून काम करतो, म्हणून खेळताना आणि ट्रेकला पट्टा, सरावाच्या वेळी उघडा घोटा. पट्टा म्हणजे लेस बांधायचा किंवा दोन्ही बाजूंना कडक पट्ट्या असलेला. क्रेप बँडेज पाऊल आत वळण्यापासून रोखू शकत नाही.

"नाही थांबलं तर ऑपरेशन."

बेसिनसमोरच्या दोन मिनिटांनंतर नव्हे. वर सांगितलेल्या पद्धतीने किमान तीन महिने काम होऊनही पाय दगा देत असेल आणि तपासणीत सांधा खरोखर ढिला असेल, तर लिगामेंट आखडून शिवण्याची ब्रोस्ट्रॉम पद्धत 1966 सालापासून आहे आणि ती चांगली चालते. त्यानंतरही हाच सराव पहिल्या पायरीपासून करावा लागतो. मात्र सांध्याच्या आत खोलवर दुखत असेल, घोटा मध्येच अडकत असेल, किंवा बाहेरच्या हाडामागे दोरी सटकल्यासारखं जाणवत असेल, तर तीन महिने थांबू नये. घोट्याच्या सांध्यातल्या टॅलस हाडावरच्या कूर्चेची इजा किंवा जागेवरून सरकणारा पेरोनियल स्नायुबंध तोलाच्या सरावाने बरा होत नाही. अशा घोट्याची अस्थिरोगतज्ज्ञाकडून तपासणी आणि लागल्यास एमआरआय आधी व्हावा, बोर्डवर त्यानंतर उभं राहावं.