‘न पडता हाड मोडत नाही’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

लातूर-परभणीकडच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे. पडल्याशिवाय हाड मोडत नाही. एक्स-रे स्वच्छ असेल तर गुडघ्यातले फक्त वंगण संपलेले असते. रोज चालत राहिले की गुडघा मोकळा होतो. आणि तरीही दुखले तर सांधा बदलणे अटळ आहे, असे त्यात ठामपणे सांगितले आहे.

पहिलेच विधान चुकीचे आहे. हाड विरळ झाले असेल तर रोजच्या वावराचा भारही त्याला पेलत नाही आणि कूर्चेच्या, म्हणजे हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत आवरणाच्या, लगेच खाली, बहुधा मांडीच्या हाडाच्या गुडघ्याकडच्या टोकाला आतल्या बाजूस, बारीक चीर पडते. यालाच इन्सफिशियन्सी फ्रॅक्चर म्हणतात. वैद्यकशास्त्राचाही येथे बराच काळ गैरसमज होता. स्वीडनमधील आल्बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1968 मध्ये या दुखण्याचे वर्णन केले, तेव्हा हाड आपोआप मृत होते असे मानले गेले. 2000 मध्ये यामामोटो आणि बुलो या संशोधकांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या हाडांचे नमुने तपासून दाखवले की मूळ घटना चीर ही आहे आणि मृत भाग हा तिचा परिणाम आहे. पाळी थांबलेल्या स्त्रियांत हा धोका अधिक. बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर 2019 मध्ये राज्यभर चर्चा झाली, पण ज्यांची अंडाशयेही काढली गेली त्यांची हाडे चाळिशीतच विरळ होऊ लागतात, हे त्या चर्चेत फारसे आले नाही.

अशी चीर पडलेल्या अनेकींच्या बाबतीत गुडघ्यातल्या दोन हाडांमधली गादी (मेनिस्कस) मागच्या मुळाशी, म्हणजे ती हाडाला जोडलेली असते तिथे, फाटून बाहेर सरकलेली असते आणि तिने झेलायचा भार थेट हाडावर येतो. झिजेचे दुखणे कधी सुरू झाले हे सहसा सांगता येत नाही, इथे मात्र बाई दिवस आणि वेळ सांगते: “खुरपून उठले अन् कटकन वाजलं, तवापासून पाय टेकवना गेलाय.” दुखते कुठे असे विचारले तर गुडघ्याच्या आतल्या बाजूला एकच बोट ठेवते, आणि रात्री कूस बदलतानाही कळ येते असे सांगते.

एक्स-रे पहिले काही आठवडे स्वच्छच दिसू शकतो. हाडाच्या आतली सूज आणि कूर्चेखालची काळी रेघ एमआरआयमध्ये दिसते, आणि त्यासाठी अनेकदा जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागते. ते लगेच जमणार नसेल तर संशयावरच भार कमी करावा आणि काही आठवड्यांनी एक्स-रे पुन्हा काढावा. वंगणाच्या इंजेक्शनाने चीर भरत नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने दुखणे दबते आणि माणूस त्याच हाडावर चालत राहतो.

चालण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो, कारण साध्या झिजेसाठी तो योग्य आहे. ताज्या चिरेवर चालत राहिले तर हाडाचा पृष्ठभाग खचू शकतो. साधारण सहा ते आठ आठवडे वॉकर किंवा कुबड्या, पुढे दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी, पडून करायचे मांडीचे व्यायाम, ड जीवनसत्त्वाची तपासणी आणि कमतरता असल्यास औषध, हा नेहमीचा उपचार. कोजागिरीला तुळजापूरला पायी जाण्याचा नवस असेल तर तो पुढल्या वर्षावर ढकलावा.

उरला सांधा बदलण्याचा मुद्दा. चीर लहान असेल, हाड खचलेले नसेल आणि भार वेळेत कमी केला, तर बहुतेकींचे दुखणे काही महिन्यांत ओसरते. बाधित भाग हाडाच्या त्या टोकाच्या निम्म्याहून अधिक रुंद असेल, गादीचे मूळ तुटलेले असेल किंवा पृष्ठभाग आधीच चपटा झालेला असेल, तर मात्र सांधा बदलण्याची वेळ येण्याची शक्यता बरीच वाढते. त्यामुळे एमआरआयचा अहवाल हाती आला की डॉक्टरांना चिरेचा आकार, गादीची स्थिती आणि पृष्ठभाग खचला आहे का, या तीन गोष्टी विचाराव्यात. गुडघा बरा झाला तरी हाडांची घनता तपासून घ्यावी, कारण हाड विरळ असेल तर पुढचा अस्थिभंग मनगटाचा, मणक्याचा किंवा खुब्याचा असू शकतो.