९० दिवस गप्प असलेली किल्ली मेलेली नसते

ऐरोली, महापे, वागळे इस्टेट इथल्या आयटीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो चार ठिकाणांहून आला. मेसेजचं सार असं: ‘एडब्ल्यूएस अकाउंटमधली प्रत्येक अ‍ॅक्सेस की शेवटची कधी वापरली, हे पायथॉनच्या १५ ओळींत कळतं. ९० दिवस वापर नाही तर डिलीट करा. वापर चालू असेल तर ती सुरक्षित. शंका आलीच तर क्लाउडट्रेलमध्ये सगळं असतं. महिन्यातून एकदा चालवा, ऑडिटचं टेन्शन संपलं.’ खाली स्क्रिप्ट जोडलेली आहे. (एडब्ल्यूएस म्हणजे अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा. अ‍ॅक्सेस की म्हणजे प्रोग्रॅमला तिथे शिरायला लागणारी आयडी आणि सीक्रेट, म्हणजे गुप्त पासवर्ड, यांची जोडी. क्लाउडट्रेल म्हणजे तिथे कुणी काय केलं याची नोंदवही.)

मेसेज कळकळीने लिहिलाय, हे मान्य. किल्ल्यांची मोजदाद कुणीच करत नाही आणि ती व्हायलाच हवी. (‘की’ लिहिलं की वाक्यात गोंधळ होतो, म्हणून पुढे किल्लीच म्हणते.) पण सल्ला जसा दिलाय तसा पाळला तर नुकसान होतं. ते मी पाहिलंय, म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिला आणि सगळ्यात घातक मुद्दा: ९० दिवस वापर नाही म्हणजे किल्ली नको आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या टीमने हेच केलं. आमचा एक ग्राहक वाशीच्या फळबाजारातला आंबा निर्यातदार. तुर्भ्याच्या पॅकिंग हाउसमध्ये त्याचा एक जुना पीसी आहे. पेटीचं वजन झालं की तो लेबल छापतो आणि त्या पेटीची नोंद एस-थ्रीवर, म्हणजे एडब्ल्यूएसच्या फाइल साठवायच्या जागेवर, चढवतो. हे काम चालतं फेब्रुवारी ते जून. नंतर पीसीवर कापड टाकून ठेवतात. नोव्हेंबरमध्ये आमची स्क्रिप्ट चालली, तिला ही किल्ली जूनपासून गप्प दिसली आणि तिने ती उडवली. कुणाला काही कळलं नाही, कारण तेव्हा कळण्यासारखं काही नव्हतंच.

फेब्रुवारीत हंगामाचा पहिला माल आला त्या सकाळी सातला तिथल्या सुपरवायझरचा फोन आला. “मॅडम, पेट्या भरून ठेवल्यात, पण लेबलच निघत नाहीये. गाडी उभी आहे.” लॉग मागवला तर प्रत्येक ओळीत एकच एरर: इनव्हॅलिड अ‍ॅक्सेस की आयडी. डिलीट झालेली किल्ली एडब्ल्यूएसकडून परत मिळत नाही. नवी बनवता येते, पण तिचा आयडी वेगळा आणि सीक्रेटही वेगळं, आणि ते सीक्रेट बनवताना एकदाच दिसतं. जुनी किल्ली त्या पीसीवरच्या प्रोग्रॅमच्या आतच घातलेली होती आणि प्रोग्रॅम लिहिणारा माणूस कधीच नोकरी सोडून गेलेला. आमचा आख्खा दिवस गेला. शेठनी हाताने लेबलं लिहून घेतली आणि संध्याकाळी एवढंच विचारलं, “तुम्ही मला एक फोन का नाही केलात?” त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

किल्ली डिलीट न करता नुसती इनअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे पुन्हा चालू करता येईल अशी बंद, केली असती, तर सात वाजून पाच मिनिटांनी ती पुन्हा चालू झाली असती. ऑडिटवाले ज्या सीआयएस बेंचमार्कचं, म्हणजे सुरक्षेच्या नियमांच्या यादीचं, नाव घेतात, त्याच्या जुन्या आवृत्तीत ९० दिवस होते, १.४ या आवृत्तीपासून ४५ आहेत. पण दोन्हीकडे शब्द आहे ‘डिसेबल’. डिलीट हा शब्द मेसेजवाल्याने स्वतःच्या पदरचा घातलाय. हंगामी व्यवसाय, तीन महिन्यांनी भरायचं टीडीएसचं रिटर्न, मार्चअखेरचा बॅकअप, बॅकअप परत आणण्याची वर्षातून एकदा होणारी तालीम, असल्या कामांच्या किल्ल्या ९० दिवस गप्पच असणार.

दुसरा मुद्दा स्क्रिप्टमध्ये लपलेला आहे. शेवटच्या वापराची तारीख आलीच नाही तर ती १९७० सालची तारीख धरते. स्क्रिप्ट ही तारीख एडब्ल्यूएसला ज्या कॉलने विचारते, तो ‘गेट अ‍ॅक्सेस की लास्ट यूज्ड’ कधीच न वापरलेल्या किल्लीसाठी तारखेचा रकानाच पाठवत नाही, सर्व्हिस आणि रीजनपुढे (रीजन म्हणजे एडब्ल्यूएसचा भौगोलिक विभाग) ‘एन/ए’ लिहून येतं. म्हणजे सोमवारच्या रिलीजसाठी शुक्रवारी बनवलेली कोरी किल्ली या स्क्रिप्टच्या लेखी ५० वर्षं पडून आहे, आणि शनिवारी ती जाते. तारीख नसेल तर किल्ली कधी बनली ते बघायचं. ही तारीख ‘लिस्ट अ‍ॅक्सेस कीज’च्या उत्तरात आयती मिळते. शिवाय एडब्ल्यूएसने हा वापर नोंदवायला सुरुवात केली २२ एप्रिल २०१५ ला. एखादी किल्ली त्याआधीच वापरून सोडून दिली असेल तर तीही ‘कधीच न वापरलेली’ दिसते.

तिसरा दावा, वापर चालू म्हणजे सुरक्षित. हा तर पूर्ण उलटा आहे. या कॉलमधून तीनच गोष्टी कळतात: शेवटचा वापर कधी, कुठल्या सर्व्हिससाठी आणि कुठल्या रीजनमध्ये. कुणी वापरली आणि कुठल्या आयपीवरून, याबद्दल तो काहीच सांगत नाही. किती वेळा, तेही नाही. क्रेडेन्शियल रिपोर्टमध्ये, म्हणजे अकाउंटमधल्या सगळ्या यूजरांच्या पासवर्ड-किल्ल्यांच्या तक्त्यात, तर १५ मिनिटांत अनेकदा वापर झाला तरी पहिलाच नोंदवला जातो. नोकरी सोडून गेलेल्या माणसाची किल्ली काल वापरलेली दिसली, तर ती यादीत सगळ्यात वर हवी. मेसेजमधली स्क्रिप्ट तिला हिरवा रंग देऊन खाली ढकलते. आणि वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे, येते हे लक्षात ठेवा. शनिवारी २०:३० असं दिसलं की बघणारा म्हणतो, संध्याकाळी कुणी उशिरापर्यंत बसलं असेल. आपल्याकडे तेव्हा रविवारचे पहाटेचे दोन वाजलेले असतात. त्या वेळी ठाण्याहून वाशीला येणारी लोकलही नसते, ऑफिसात बसून काम कोण करतंय?

क्लाउडट्रेलचा भरवसाही अर्धाच आहे. त्याची इव्हेंट हिस्टरी ९० दिवसांची, म्हणजे ९० दिवस गप्प असलेल्या किल्लीबद्दल विचारायला जाल तेव्हा तिथली पाटी कोरीच असणार. ती हिस्टरी प्रत्येक रीजनची वेगळी बघावी लागते. त्याहून मोठी अडचण म्हणजे एस-थ्रीवर फाइल चढवणं किंवा उतरवणं हे ‘डाटा इव्हेंट’ या वेगळ्या प्रकारात धरलं जातं आणि इव्हेंट हिस्टरीत ते येतच नाही. त्यासाठी वेगळी ट्रेल चालू करावी लागते, तिचे पैसे पडतात. आमच्या आंब्याच्या पीसीने भर एप्रिलमध्ये दिवसाला शेकडो पेट्या नोंदवल्या, तरी इव्हेंट हिस्टरीत त्यातली एकही दिसली नसती. शेवटच्या वापराची तारीख आणि ट्रेल या दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारी ठेवूनच वाचाव्या लागतात.

मेसेजमधलं ‘प्रत्येक अ‍ॅक्सेस की’ हेही खरं नाही. यूजरांची यादी देणारा ‘लिस्ट यूजर्स’ हा कॉल एका वेळी साधारण १०० यूजर देतो आणि पुढचं पान मागावं लागतं. मेसेजमधल्या स्क्रिप्टमध्ये पॅजिनेटर, म्हणजे पुढची पानं मागणारा भाग, नाही. तुमच्याकडे १४० यूजर असतील तर ४० जण तपासलेच जात नाहीत, आणि एररही येत नाही. रूट यूजरची, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मूळ खातेदाराची, किल्ली या यादीत कधीच येत नाही, आणि भीती खरी तिचीच. ती क्रेडेन्शियल रिपोर्टच्या सीएसव्हीत दिसते. हा रिपोर्ट चार तासांतून एकदाच नव्याने बनतो, त्यामुळे आत्ता केलेला बदल लगेच दिसला नाही तर घाबरू नका.

आता आम्ही काय करतो ते सांगते. प्रत्येक यूजरवर दोन टॅग: किल्लीचा मालक कोण, आणि काम किती दिवसांनी होतं. स्क्रिप्ट फक्त यादी काढते आणि मालकाला मेल टाकते. आठवड्यात उत्तर नाही आलं तर किल्ली इनअ‍ॅक्टिव्ह. टॅगवर ‘वर्षातून एकदा’ असेल तर ती पुढचं वर्षभर इनअ‍ॅक्टिव्हच राहते, डिलीट त्यानंतर. ग्राहकाची किल्ली असेल तर मेलवर भागत नाही, मी स्वतः फोन करते. आंब्याच्या पॅकिंग हाउसला दर जानेवारीत फोन जातो, किल्ली तिथल्या पीसीवरून एकदा चालवून बघतो आणि नवी हवी असेल तर तेव्हाच बदलतो. एका यूजरला एका वेळी दोन किल्ल्या ठेवता येतात, त्यामुळे नवी चालू झाल्याची खात्री करूनच जुनी बंद करता येते.

तुम्ही ती स्क्रिप्ट क्रॉनला (ठरल्या वेळी आपोआप चालायला) लावली असेल, तर आज घरी निघण्याआधी तिच्यातली डिलीटची ओळ काढा. तिच्या जागी ‘अपडेट अ‍ॅक्सेस की’चा कॉल टाका आणि स्टेटस इनअ‍ॅक्टिव्ह द्या. बदल एका ओळीचा आहे.