झोपलंय की गेलंय?

कुत्र्याचं पिल्लू घरी येणार म्हटल्यावर लोक भरपूर सल्ले देतात. चपला वर ठेवा, चार्जरच्या वायरी उचला, गालिचा गुंडाळून माळ्यावर टाका. पण ते झोपलं की आपल्या जिवाला घोर लागतो, हे एक माणूस सांगत नाही. जागं असताना निदान कळतं तरी, पडदा फाडतंय म्हणजे तब्येत ठणठणीत आहे. झोपलं की संशय सुरू. आणि लहान पिल्लं दिवसाचे 18-20 तास झोपतात, म्हणजे हिशोब करा आमचं काय होत असेल.

आमचा गुंड्या आला त्याच रात्री बघतो तर पोट भात्यासारखं वरखाली, इतकं भराभर की मला बघूनच धाप लागली. मग एकदम बंद. मी पण श्वास रोखून बसलो. तेवढ्यात त्याने लांबलचक उसासा सोडला, चारही पाय झाडले, ओठाचा एक कोपरा थरथरला, मिशीचे केस हलले, तोंड न उघडता बारीकसं 'बुफ' केलं आणि परत भाता चालू. मी बायकोला हलवलं, अगं ऊठ, याला फिट आलीय. ती डोळे न उघडता म्हणाली, स्वप्न पडलंय त्याला, तुला पण पडू दे.

सकाळी डॉक्टरांना फोन लावला. त्यांचंही तेच, स्वप्नाच्या झोपेत श्वास वेडावाकडा होतो, पाय हलतात, पिल्लांमध्ये तर जास्तच. काळजी वाटते ना, मग मोजा. छाती एकदा वर जाऊन खाली आली की एक, असं 30 सेकंद मोजायचं आणि दुप्पट करायचं. शांत झोपेत मिनिटाला साधारण 15 ते 30, पिल्लाचा थोडा जास्त चालतो, पण गाढ झोपेतही सतत 40 च्या वर राहिला तर घेऊन या.

ऐकायला सोप्पं आहे. करून बघा. मोबाईलवर स्टॉपवॉच लावून मी वाकलो की साहेबांना जाग येते, शेपटी सुरू, माझं नाक चाटून ओलं, आणि खुशीत श्वासाचा आकडा कुठल्या कुठे. लांबून मोजावं तर काळ्या केसांवर काळं पोट दिसत नाही. त्यात मोजता मोजता मी नकळत त्याच्याच तालात श्वास घ्यायला लागलो आणि चक्कर येऊन सोफ्यावर बसलो. बायकोने वहीत आकडा लिहिला आणि पुढे कंसात, 'कुत्रा की नवरा?'

अंगाला हात लावला तर गरम. थर्मामीटर आणला. कुत्र्यांचं नॉर्मल तापमानच 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, म्हणजे आपण ज्याला रजा टाकतो त्याच्यात ते बॉल खेळतात. हे आधी कळलं असतं तर बरं, कारण थर्मामीटर कुठे लावतात हे कळल्यापासून गुंड्याने मला पाठ दाखवणं बंद केलंय.

मग एका दुपारी त्याने मान पुढे ताणली, कोपरं बाहेर काढली, डोळे मोठे केले आणि खर्र खर्र करत हवा आत ओढायला लागला. मला वाटलं काहीतरी अडकलं घशात, संपलं सगळं. डॉक्टरांना व्हिडिओ पाठवला. त्यांचं उत्तर आलं, ही रिव्हर्स स्नीझिंग, शिंक बाहेर न पडता हवा नाकातून जोरात आत जाते, बहुतेक वेळा काही सेकंदांत आपोआप थांबते, गळ्यावरून हळूच हात फिरवा, फार वेळा व्हायला लागली तर दाखवा. आणि खाली अजून एक ओळ, 'व्हिडिओत कुत्र्यापेक्षा तुमचाच आवाज जास्त आहे.'

आता चेष्टा बाजूला. हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर दिसल्या, गारव्यात निवांत पडलेला असताना तोंड उघडून धापा टाकतोय, प्रत्येक श्वासाला पोट आत खेचून जोर लावतोय, किंवा मलूल होऊन खाणंच सोडलंय, तर स्टॉपवॉच वगैरे काही काढू नका, सरळ उचला आणि दवाखाना गाठा. मी म्हणूनच रोज ओठ वर करून हिरड्या बघतो. गुलाबी आहेत. सुईसारखे दात पण आहेत, त्याचे पुरावे माझ्या दोन्ही हातांवर मिळतील.

हळूहळू मी शहाणा झालो, रात्री झोपायला पण लागलो. तर परवा मध्यरात्री बायकोने मला गदागदा हलवलं.

"अरे ऊठ, याचा श्वासच ऐकू येत नाहीये!"

"मग मोज की, 30 सेकंद."

"मोजतेच आहे, पण तू आधी घोरणं बंद कर."