खुलासा : १९८१पूर्वीच्या अमेरिकन गाड्यांचा व्हीआयएन

‘व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) १७ अक्षरांचा नसेल तर जुनी अमेरिकन गाडी बनावट समजावी, आणि गाडी मूळची झेड/२८ (शेव्हरले कॅमारोची खास ताकदवान आवृत्ती) आहे की नाही हे त्याच क्रमांकावरून कळते’, असा संदेश सध्या फिरत आहे. त्यातले दोन्ही दावे चुकीचे आहेत.

१७ अक्षरांची एकसमान पद्धत १९८१च्या मॉडेलपासून आली. त्यापूर्वी प्रत्येक कंपनीची रीत निराळी होती. १९६५च्या फोर्ड मस्टँगचा क्रमांक ११ अक्षरीच असतो आणि तो इंजिनाच्या कप्प्यात डाव्या बाजूच्या पत्र्यावर ठोकलेला सापडतो. ‘५एफ०७सी’ अशी सुरुवात असेल, तर ५ म्हणजे १९६५, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०७ म्हणजे हार्डटॉप (पक्क्या छपराची गाडी) आणि सी म्हणजे दोन बॅरल कार्ब्युरेटरचे २८९ घनइंची व्ही-८ (आठ सिलिंडरचे) इंजिन; पुढचे सहा आकडे अनुक्रमांकाचे.

१९६९च्या शेव्हरले कॅमारोच्या क्रमांकावरून मात्र गाडी सहा सिलिंडरची की व्ही-८ एवढेच समजते, नेमके इंजिन कळत नाही. त्यामुळे केवळ व्हीआयएन दाखवून ‘अस्सल झेड/२८’ म्हणून जादा किंमत मागणाऱ्याकडून मूळ कारखान्याची कागदपत्रे अवश्य मागावीत आणि इंजिनावर ठोकलेले क्रमांकही जाणकाराकडून तपासून घ्यावेत.