अ‍ॅमेझॉनचा भाटकार कोण?

चवथीच्या आधी गोव्यात डिचोलीला मावसभावाच्या दुकानात बसलो होतो. मिक्सर, कुकर, गॅसच्या शेगड्या, शिट्ट्या-रबरी रिंगा, असलं दुकान. मावशीच्या यजमानांनी सुरू केलं, आता भाई चालवतो. एक बाई आल्या. मिक्सर हातात घेऊन पाहिला, भांड्याचं झाकण उघडून पाहिलं, मोबाइलवर अ‍ॅमेझॉनचा भाव पाहिला आणि "येते हं मागाहून" म्हणून गेल्या.

भाई म्हणाला, "गेली बघ बेझोसच्या दुकानात. माल बघायचा माझ्याकडे आणि पैसे त्या एका माणसाच्या खिशात."

मी गप्प बसायला हवं होतं. पण आयुष्यभर लोकांचे हिशेब लिहिले, चुकीची नोंद दिसली की हात शिवशिवतो. म्हटलं, "भाई, अ‍ॅमेझॉन काही बेझोसचं नाही."

"मग पात्रांव कोण?" (पात्रांव म्हणजे आमच्याकडे मालक. जमिनीचा मालक तो भाटकार.)

"बरेच आहेत. थोडासा मीसुद्धा."

भाईने माझ्याकडे असं पाहिलं की चहा येईपर्यंत मी पुढचं बोललोच नाही. तेव्हा जे धड सांगता आलं नाही ते इथे लिहितो. लांबलं तर माफ करा.

आधी आकडे. अ‍ॅमेझॉनचे एकूण शेअर हजार कोटींच्या वर आहेत. त्यातला संस्थापक जेफ बेझोस यांचा वाटा आज साधारण ९ टक्के. एका माणसाकडे असलेला सर्वांत मोठा वाटा तोच, आणि तेवढ्यावर ते जगातल्या अतिश्रीमंतांत बसतात, हे खरं. पण मग उरलेले ९१ टक्के कुणाचे? व्हॅनगार्ड, ब्लॅकरॉक आणि स्टेट स्ट्रीट या तीन अमेरिकी फंड कंपन्यांकडे मिळून बेझोस यांच्या जवळपास दुप्पट. त्या खालोखाल इतर फंड, पेन्शनच्या संस्था, विमा कंपन्या. तेलाचा पैसा साठवून ठेवणारा नॉर्वेचा सरकारी फंडसुद्धा त्यात आहे.

आता व्हॅनगार्ड म्हणजे कुणी गब्बर शेटजी, असं वाटेल. तसं नाही. ती पैसे सांभाळणारी संस्था. अमेरिकेतला शाळामास्तर, नर्स, ट्रकवाला म्हातारपणासाठी दरमहा बाजूला टाकतो ते पैसे ती शेअरमध्ये गुंतवते. नाव कागदावर फंडाचं, पैसे मास्तरांचे. आणि मास्तरांना बहुतेक वेळा आपण अ‍ॅमेझॉनचे भागधारक आहोत याचा पत्ताही नसतो.

मला तरी कुठे होता? माझी एका म्युच्युअल फंडात एसआयपी आहे, म्हणजे दरमहा ठराविक हप्ता. फंड अमेरिकेच्या नॅसडॅक शेअर बाजारातल्या बड्या कंपन्यांच्या नॅसडॅक १०० निर्देशांकावर चालणारा. (असे फंड आपल्याकडे २०११ पासून आहेत. २०२२ च्या फेब्रुवारीत परदेशी गुंतवणुकीची ७ अब्ज डॉलरची मर्यादा भरत आली म्हणून शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने दार लोटून घेतलं होतं, तेव्हा महिन्याचा हप्ता का कापला गेला नाही म्हणून चौकशी केली आणि पैसे जातात कुठे ते पहिल्यांदा नीट वाचलं.) हिशेब केला. माझ्या वाट्याला अ‍ॅमेझॉनचा साधारण अर्धा शेअर येतो. हजार कोटींतला अर्धा. तर असा मी पात्रांव.

बेझोस यांचा वाटा पहिल्यापासून एवढा थोडा नव्हता. १९९४ साली कंपनी काढली. पुढच्या वर्षी आई-वडिलांनी २,४५,५७३ डॉलर घातले. बेझोस यांनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की हे बुडण्याची शक्यता ७० टक्के आहे. (आमच्याकडे मुलगा असं म्हणाला असता तर वडिलांनी उरलेल्या ३० टक्क्यांचीही आशा सोडून त्याला सरकारी नोकरीचा अर्ज भरायला लावला असता.) मग दारोदार फिरून वीसेक जणांकडून मिळून दहा लाख डॉलर जमवले. १५ मे १९९७ रोजी शेअर बाजारात आला, १८ डॉलरला. तेव्हाही बेझोस यांच्याकडे ४० टक्क्यांहून जास्त होते. पुढे दुसऱ्यांना शेअर दिले, नोकरांना पगाराबरोबर शेअर दिले, स्वतःचे विकले, आणि २०१९ च्या घटस्फोटात दोघांच्या शेअरपैकी पाव हिस्सा मॅकेन्झी स्कॉट यांना गेला. कंपनीच्या हिशेबात तो तब्बल ४ टक्के! त्यांनी त्यातले पुष्कळ पुढे विकून-वाटून टाकले. पण एक बारकावा बघा: शेअर त्यांना मिळाले, मतदानाचा हक्क मात्र त्यांनी नवऱ्याकडेच राहू दिला. आमच्या गावी वाटणीत झाडं एकाला आणि नारळ पाडायचा हक्क दुसऱ्याला, असं व्हायचं. तसलाच प्रकार.

१९९७ साली १,८०० डॉलर घालून १०० शेअर घेणाऱ्याचं काय झालं? कंपनीने शेअरचे तुकडे पाडले: १९९८ मध्ये एकाचे दोन, १९९९ च्या जानेवारीत एकाचे तीन, त्याच वर्षी सप्टेंबरात पुन्हा दोन, आणि २०२२ च्या जूनमध्ये एकाचे वीस. गुणाकार करा, २४० येतो. म्हणजे शंभराचे चोवीस हजार. भाव २०० डॉलर धरला तरी ४८ लाख डॉलर. मात्र यात एक गोम आहे. १९९९ च्या अखेरीस शंभराच्या वर गेलेला शेअर २००१ मध्ये ६ डॉलरच्याही खाली आला होता. तेव्हा न विकता बसून राहिलेला माणूस मला अजून भेटायचाय. भेटला तर एक तर तो अवलिया असेल, नाहीतर त्याची कागदपत्रं हरवलेली असतील.

भारतातली गोष्ट वेगळीच आहे आणि भाईचा राग खरा कुठे जायला हवा ते इथे थोडं दिसतं. परदेशी पैशावर चालणाऱ्या ऑनलाइन कंपनीला आपल्या कायद्याने स्वतःचा माल ठेवून गिऱ्हाइकाला विकता येत नाही. तिने फक्त बाजार मांडायचा, विक्रेते दुसरे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जागा नगरपालिकेची आणि मिरच्या विकणारी बाई वेगळी, तसं. म्हणून तर बिलावर भलत्याच कंपनीचं नाव असतं. पण अ‍ॅमेझॉनवर वर्षानुवर्षं जो सर्वांत मोठा विक्रेता होता, क्लाउडटेल, त्याच्या मालक कंपनीत अ‍ॅमेझॉनचाच ४९ टक्के भाग होता. बाकीचा इन्फोसिसवाल्या नारायण मूर्तींच्या कॅटामरान या गुंतवणूक कंपनीचा. १ फेब्रुवारी २०१९ पासून नियम कडक झाले, बाजारवाल्याचा भाग असलेल्या विक्रेत्याला त्या बाजारात विकायला बंदी आली. मग ४९ चे २४ केले. अखेर २०२२ मध्ये क्लाउडटेलच बंद झालं. भाईला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे नगरपालिकाच मिरच्या विकत होती म्हण ना." मी हो म्हटलं नाही, नाहीपण म्हटलं नाही.

फ्लिपकार्टवाल्यांनी खुश होण्याचं कारण नाही. बंगळूरच्या दोन बन्सलांनी २००७ साली काढलेली ती कंपनी २०१८ मध्ये वॉलमार्टने घेतली. १६ अब्ज डॉलर, ७७ टक्के. तिथे निदान भाटकार ओळखू तरी येतो: वॉलमार्टचे जवळजवळ निम्मे शेअर आजही संस्थापक सॅम वॉल्टन यांच्या घराण्याकडे आहेत.

आपल्याला गोव्यात मालक म्हटला की चेहरा लागतो. खाण म्हटली की खाणमालकाचं आडनाव आलं. भाट, म्हणजे माडांची बागायत, म्हटलं की भाटकार आला, मग तो मुंबईला राहो की लिस्बनला. त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकाराला निदान शिव्या कुणाच्या नावाने घालायच्या हे ठाऊक असायचं. ऑनलाइन दुकानालाही आपण तोच चेहरा डकवतो आणि टक्कल असलेला एक हसरा माणूस डोळ्यांसमोर आणतो.

पण गोव्यात मालकीची दुसरी तऱ्हाही आहे, आणि मला तीच इथे आठवते. कोमुनिदाद. गावची जमीन एकाची नाही, सगळ्या गावकारांची, म्हणजे गाव वसवणाऱ्या घराण्यांच्या वंशजांची. वर्षाला नफ्यातून जोण, म्हणजे गावकाराचा वाटा, वाटायची, बहुतेक गावांत फक्त पुरुष वारसांना (यावर वेगळी पोस्ट लिहायची आहे, आणि बायको म्हणते ती तिने लिहायची). कित्येक कोमुनिदादींत गावकारांखेरीज अक्सियोनिस्तही, म्हणजे चक्क भागधारक. शेअर ही चीज आमच्या आज्या-पणज्यांना नॅसडॅकच्या आधीपासून माहीत होती. आमच्या घरी येणारी जोण आता एका मासळीच्या ताटालाही पुरत नाही. तरी अर्धा शेअर जवळ असलेल्या माझ्याहून जोण घेणारा गावकार भाग्यवान. अ‍ॅमेझॉनने बाजारात आल्यापासून आजवर एक पैसा लाभांश दिलेला नाही. जवळजवळ सगळा नफा परत धंद्यात.

आणि पैशाचं सोडा. कोमुनिदादीच्या सभेला माणसं येत नाहीत, पण जी येतात ती उठून विचारतात, अमुक जागा कुणाला दिली, कशी दिली, ठराव दाखवा. भांडतात, सभात्याग करतात, पुन्हा येऊन चहा पितात. मालक असणं म्हणजे निदान एवढं तरी.

अ‍ॅमेझॉनची सभा दर मे महिन्यात होते. एका शेअरला एक मत. हे चांगलंच, कारण गूगल आणि मेटाच्या संस्थापकांनी स्वतःला एका शेअरला दहा मतंवाले शेअर ठेवून घेतलेत, इथे तसं नाही. पण मत देतो कोण? फंडाच्या ऑफिसात बसलेली मूठभर माणसं. अमेरिकेतल्या मास्तरांच्या शेअरचं मत बहुतेक वेळा त्या मास्तरांना न विचारता पडतं, माझ्या अर्ध्याचंही तसंच. बेझोस यांचं मत निदान बेझोस देतात!

म्हणून माझं भाईशी भांडण आहे ते इथे. "एका माणसाचं दुकान" म्हणून आपण ज्याच्यावर दात खातो, तो माणूस निदान दिसतो, सापडतो. मला भीती वाटते ती उरलेल्या ९१ टक्क्यांची. त्यातल्या प्रत्येकाला फक्त एवढंच हवंय की म्हातारपणी आकडा वाढलेला दिसावा. गोदामात कोण किती तास उभा आहे, डिचोलीतलं कुठलं दुकान बंद पडलं, हे कुणीच दुष्टपणाने ठरवत नाही. कुणी काही ठरवतच नाही. मीही नाही. महिन्याच्या पाच तारखेला बँकेतून पैसे कापले जातात, बस्स.

कधीमधी मात्र ही माणसं हलतात. २०२२ च्या सभेत काही भागधारकांनी ठराव आणला की पॅकिंगमध्ये प्लास्टिक किती वापरता आणि कमी कसं करणार ते सांगा. संचालक मंडळाने सांगितलं, विरोधात मत द्या. मंडळाचे अध्यक्ष बेझोस, म्हणजे त्यांच्या हातातली मतं कुठे गेली असतील याचा अंदाज करायला ज्योतिषी नको. तरी ठरावाला जवळजवळ ४९ टक्के मतं पडली. ती एक गठ्ठा मतं बाजूला काढली तर निकाल काय लागला असता, करा हिशेब.

हे मी भाईला दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं. तो ऐकत होता की गिऱ्हाईक करत होता कळेना. तुम्हाला सांगायचं राहिलं, भाईच्या दुकानात मागे एक मोठं गोणपाट आहे. शेजारीपाजारी ऑनलाइन काही मागवलं की खोक्यातलं फुगेवालं प्लास्टिक त्याला आणून देतात. कुठल्या कंपनीचं ते तो बघत नाही. मिक्सरची काचेची भांडी आणि शेगडीच्या काचा त्यातच गुंडाळून गिऱ्हाइकांना देतो, गेली कितीतरी वर्षं त्याने पॅकिंगवर रुपया खर्च केलेला नाही.

"किती पडली म्हणालास? ४९?"

"जवळजवळ."

"मग पुढच्या खेपेला तुझा अर्धा शेअर त्यात नको घालू. दोन टक्के वाढले तर माझं पॅकिंग बंद होईल."