पलंगाखालची टाकी

पुण्याच्या साडूभाऊंनी जीपमागे ओढायची कॅरव्हॅन घेतली आणि उद्घाटनाला आमचा खान्देश निवडला. "ऑफ-ग्रिड राहायचं," म्हणाले. म्हणजे वीजजोडणी नाही, नळ नाही, गटार नाही. मी म्हटलं, त्यासाठी एवढं धूड ओढत कशाला आणायचं? आमच्याकडच्या कितीतरी शेतांत या तिन्ही गोष्टी नसतात. ते खूप हसले. मी विनोद केला नव्हता.

यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, ओळखीतल्या एकाच्या केळीबागेच्या बांधाला गाडी लागली. साडूभाऊंना सावली हवी म्हणून कडुनिंबाखाली. छतावरच्या सोलर पॅनललाही काहीतरी हवं होतं, पण त्याला कोण विचारतो! बॅटरी 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांची. गुणाकार केला तर सव्वा युनिटसुद्धा भरत नाही, आणि लेड-ॲसिड बॅटरीतून निम्मंच काढावं, नाहीतर ती लवकर मरते. उरले 600 वॅट-तास. त्यावर मेव्हणीबाईंनी 2000 वॅटची इंडक्शन शेगडी लावली. हिशेबाने 18 मिनिटं. चहा झाला, दूध तापलं, इन्व्हर्टर किंचाळला. पाण्याचा पंपही त्याच बॅटरीवर, त्यामुळे टाकीत 100 लिटर पाणी आणि नळ ठणठणीत कोरडा.

अशा वेळी आप्पा आले. बागेचे राखणदार. डोक्याला मफलर, हातात बॅटरी, म्हणजे उजेड पडणारी बॅटरी. गाडीला एक पूर्ण फेरी मारून ते माझ्यासमोर थांबले. माझ्यासमोरच, कारण साडूभाऊ खुर्चीत बसले होते आणि मी उभा होतो.

"हाई काय शे?"

"घर आहे, आप्पा. चाकांवरचं."

"घर शे, मंग लाईट का बरं नही?"

"मुद्दामच. निसर्गात राहायला आलोय."

"आम्हनी बी नही ऱ्हास," आप्पा म्हणाले, "पन मुद्दाम नही." मग जरा जवळ येऊन, "संडास?"

"आहे ना, आतच आहे." माझ्या आवाजात अभिमान आला, कशाचा ते देव जाणे.

"मंग ते जास कोठे?"

वस्तुस्थिती अशी की, तो संडास म्हणजे दोन डब्यांची पेटी. वरच्यावर बसायचं, खालच्यात 20 लिटर मावतं, काम झालं की पेटी पलंगाखाली सरकवायची. "टाकीत जातं," मी म्हटलं.

"टाकी कोठे शे?"

"खाली."

"खाले म्हंजे कोठे?"

"पलंगाखाली."

आप्पांनी तंबाखू मळायची थांबवली. "तुम्ही तेन्हावरच झोपतस?"

"घट्ट बंद असते हो. निळं केमिकल असतं आत."

"आनि रिकामी कोन करस?"

साडूभाऊंना एकदम आकाशातला मृग दिसला. आतून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "आमचे हे करतील!" आप्पांनी खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून अगदी मायेने विचारलं, "पगार कितला देतस?"

साडूभाऊ खो खो हसले. चूक दुरुस्त मात्र केली नाही. तेवढं एक वाक्य बोलायला काय बॅटरी लागत होती?

रात्री जेवण आप्पांनीच वाचवलं. बामणोदची हिरवी वांगी कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजली, मिरच्या-लसूण लाकडी बडगीत ठेचला, वर कांद्याची पात, शेंगदाणे. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी बांधून आणलेली. या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालंय आणि ते रास्त आहे. पुण्यात भरीत म्हणून दही घालून जे देतात त्याला कसलंही मानांकन देऊ नये. खान्देशात थंडीत अख्खी गावं भरीत पार्टीला शेतात जातात. सोबत कॅरव्हॅन नेत नाहीत. मेव्हणीबाई तिसरी भाकरी घेताना म्हणाल्या, "किती ऑथेंटिक ना!"

मध्यरात्री कसलीशी घरघर सुरू झाली. विहिरीवरची मोटर. शेतीची वीज पाळीने येते, त्या आठवड्यात रात्रपाळी होती. आप्पा मफलर बांधून, काठी घेऊन वाफ्यांकडे गेले. सातपुड्याच्या कडेला बिबट्या येतो, हे त्यांना माहीत, आम्हालाही. साडूभाऊ कूस बदलून म्हणाले, "कोण हा आवाज करतंय? शांततेसाठी आलो आपण." पुण्याहून डिझेल जाळून अंधार बघायला यायचं आणि अंधारात पाणी भरणाऱ्याचा आवाज खुपायचा! हे मी मोठ्याने बोललो नाही. बायकोची मोठी बहीण शेजारीच होती.

पहाटे पेटी बाहेर निघाली. ती घेऊन मी बांधावरून निघालो, तर टमरेल घेऊन जाणारे तिघेचौघे अदबीने बाजूला झाले. एका पोराने दुसऱ्याला सांगितलं, "हाऊ तो टाकीवाला." बातमी पोहोचली होती. आप्पांनी हात आडवा केला. "ते निळं पानी मन्हा केळीमा नको." गोठ्यामागे गोबरगॅस होता, तिथेही नको. बरोबरच होतं, त्या औषधाने खड्ड्यातले जंतू मरतात आणि मग गॅस कशाचा होणार? शेवटी पेटी परत बंद करून माझ्या गाडीच्या डिकीत ठेवली. साडूभाऊंच्या जीपला आतून नवीन गालिचा होता.

जळगावात आमच्या सोसायटीच्या वॉचमनची नजर चुकवून मी ती घरच्या संडासात रिकामी केली. थोडी थोडी, बादलीभर पाणी ओतत. बायको दाराबाहेरून नाक धरून सूचना देत होती.

काल साडूभाऊंनी कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो टाकले. त्यात मी कुठेच नाही, एका फोटोत फक्त माझी कोपरापर्यंतची बाही आणि पेटीचं हँडल आहे. खाली डिझेलचा हिशेब आहे. निम्मे पैसे माझ्या नावावर. मी अजून दिलेले नाहीत.